खंबाटकीचा बोगदा आणि लिनक्सचा

२५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला आणि पुण्यातली कितीतरी आयटीवाली मंडळी सातारा-सांगलीच्या गावाकडूनच ऑफिस करू लागली. व्हीपीएनमधून! साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, तसंच हे. फक्त आतून काय जातंय ते बाहेरच्याला कळत नाही.

ओपनव्हीपीएनची कल्पना तर एका प्रवाशाचीच. जेम्स योनान मध्य आशियात फिरत काम करायचा. वाटेतल्या देशांतल्या इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून त्याने २००१ मध्ये ओपनव्हीपीएन आणलं.

आणि योगायोग बघा, लॉकडाऊननंतर चारच दिवसांनी लिनक्स ५.६ आलं. त्यात जेसन डोनेनफेल्डचं वायरगार्ड थेट कर्नलमध्येच! जेमतेम चार हजार ओळींचं. पण बोगदा कुठला, ते ऑफिसचा सर्व्हर ठरवतो. गावच्या ओसरीवरचा लॅपटॉप थोडाच?