नारायणगावचा टोमॅटो आणि ताऱ्यांची टक्कर

वाशीच्या एपीएमसी मार्केटात नारायणगावचा टोमॅटो येतो, हे सगळ्यांना माहीत. त्याच नारायणगावजवळ, खोडदला, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी दुर्बीण आहे. ४५ मीटरच्या ३० डिश!

१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वलहरी अमेरिकेतल्या लायगोने टिपल्या. पुढे तिचे रेडिओ पडसाद खोडदनेही टिपले. अशा टकरीत तापमान शेकडो अब्ज अंशांवर जातं. तेव्हा गाभ्यातले न्यूट्रॉन विरघळून क्वार्क मोकळे होतात का? अजून कोडंच आहे.

ते सोडवायला हातभार लावणारी लायगो-इंडिया हिंगोलीत, औंढ्याला व्हायचीय. तत्त्वतः मंजुरी २०१६ ला, २६०० कोटींची मंजुरी २०२३ ला. मधली सात वर्षं गेलीच. मंडळी, भाजीचा भाव रोज विचारतो, तसं हेही विचारत राहूया.