पोकळीतल्या खुज्या दीर्घिका

हिवाळ्यातल्या एका रात्री झाईच्या किनाऱ्यावर काही शिक्षकांबरोबर आम्ही आकाश पाहत होतो. मिथुन आणि सप्तर्षी यांच्यामधल्या अंधुक पट्ट्याकडे हात करून एकाने विचारले, "इथे काहीच नाही का?"

तिथे लिंक्स हा मंद ताऱ्यांचा समूह आहे. डोळ्यांना दिसणारे तारे आपल्याच आकाशगंगेतले. त्यांच्या फार पलीकडे, लिंक्स आणि कर्क यांच्या दिशेला, मात्र खरोखरच एक पोकळी आहे. तिचे केंद्र सुमारे ६ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. अशा पोकळ्यांत दीर्घिका विरळ असतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा खुज्या. १९८१ साली रॉबर्ट कर्शनर व सहकाऱ्यांनी भूतप समूहाच्या दिशेला एक प्रचंड पोकळी शोधली, तेव्हापासून या विषयाकडे विशेष लक्ष गेले.

खुज्या दीर्घिकांत 'धातू' कमी आढळतात. खगोलशास्त्रात हायड्रोजन व हेलियम सोडून सारी मूलद्रव्ये धातूच, ऑक्सिजनसुद्धा! ती मुख्यतः ताऱ्यांमुळे तयार होतात. म्हणून धातू कमी, म्हणजे ताऱ्यांच्या फारशा पिढ्या झालेल्या नाहीत.

मग अशी दीर्घिका नुकतीच जन्मली असेल का? झ्विकी यांच्या पहिल्या यादीतल्या १८ व्या दीर्घिकेत सूर्याच्या मानाने ऑक्सिजन फारच कमी, सुमारे तिसावा हिस्सा आहे. १९७२ साली सर्ल आणि सार्जंट यांनी तिच्याबद्दल दोन शक्यता मांडल्या: ती तरुण असेल, किंवा तिच्यात तारे मोठ्या विश्रांतीनंतर अधूनमधून जन्मत असतील. पहिली कल्पना अनेकांना भावली. पण २००७ साली हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांत तिच्यात १०० कोटी वर्षांहून जुने तारे सापडले.

पोकळीतल्या दीर्घिकांचा शोध घ्यायला रेडिओ दुर्बीण उपयोगी पडते, कारण उदासीन हायड्रोजन २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी सोडतो. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी आहे. तिच्या साहाय्याने पुण्याचे जयराम चेंगलूर आणि रशियाचे सायमन पुस्टिलनिक यांनी लिंक्स-कर्क पोकळीत तीन दीर्घिकांचा एक गट अभ्यासला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, सर्वांत मंद दीर्घिकेत हायड्रोजनचे वस्तुमान व तेज यांचे गुणोत्तर, सूर्याच्या एककांत, सुमारे २५ निघाले. आपल्या आकाशगंगेत ते १ पेक्षाही कमी आहे. म्हणजे वायू भरपूर, तारे मोजकेच. पोकळीत शेजारी कमी, त्यामुळे वायू ढवळून निघण्याचे प्रसंगही कमी. वाढ संथ झाली असावी.

म्हणून वर्गात सांगताना एक काळजी घ्यावी. 'अविकसित' म्हणजे 'नवजात' नव्हे. धातूंवरून किती तारे होऊन गेले ते कळते. केव्हापासून, ते नाही. त्यासाठी जुन्या ताऱ्यांचा वेगळा पुरावा शोधावा लागतो.

त्या रात्री समुद्रात मासेमारीच्या होड्यांचे दिवे लुकलुकत होते. दिवा नसलेली होडी आपल्याला दिसत नाही. म्हणून ती नाहीच, असे झाईतला कोणीही म्हणणार नाही.