दोन दिव्यांमधला माणूस

कावेरीवरील शिवनसमुद्र येथे १९०२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली ती कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. तीच वीज १९०५ मध्ये बंगळूरच्या रस्त्यांवरील दिव्यांत आली. तेव्हा मोटारी जवळजवळ नव्हत्या. प्रकाश हवा होता तो पायी चालणाऱ्याला. पुढे रस्ता मोटारींचा झाला आणि दिव्याचे कामच बदलले. आपल्या विद्युतीकरणाच्या गौरवगाथेत हा बदल सहसा येत नाही.

वेगात असलेल्या चालकाला चेहरा ओळखायचा नसतो; पुढे कोणीतरी आहे, एवढे कळले तरी पुरते. ब्रिटिश अभियंता जे. एम. वॉल्ड्रम यांनी १९३८ मध्ये पथदिव्यांचे मोजमाप याच कसोटीवर मांडले. रस्ता उजळला की त्यावरील माणूस काळ्या छायाकृतीसारखा उठून दिसतो. वाहनाचा दिवा नेमके उलटे करतो: माणसाला उजळतो, मागचा भाग काळोखात ठेवतो. दोन्ही प्रकाश एकत्र आले की अधिक दिसावे, असे आपल्याला वाटते. परंतु डोळ्याला वस्तू दिसते ती तिच्या आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातील फरकामुळे. छायाकृतीवर वाहनाचा प्रकाश पडू लागला की हा फरक घटत जातो, आणि एका अंतरावर माणूस रस्त्याच्या रंगात विरून जाऊ शकतो.

त्यात समोरून येणाऱ्या वाहनाची तिरीप. हा प्रकाश डोळ्याच्या आत विखुरतो आणि दृश्यावर धूसर पडदा पसरतो. दिव्याचा दृष्टिरेषेशी असलेला कोन निम्मा झाला तर पडदा सुमारे चौपट दाट होतो. हे गणित हॉलडे यांनी १९२६ मध्येच पुढे आणले होते. दुभाजक नसलेल्या अरुंद रस्त्यावर हा कोन लहानच असतो. (हेडलाइटचा वरचा भाग काळा रंगवण्याची आपली जुनी प्रथा ओबडधोबड खरी, पण रोग तिने ओळखला होता.)

जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय पथदीप कार्यक्रम सुरू झाला आणि एक कोटीहून अधिक एलईडी दिवे लागले. वीज वाचली, हे मोठेच काम. मात्र आयएस १९४४ हे भारतीय मानक महत्त्वाच्या वेगवान रस्त्यांसाठी सरासरी ३० लक्स सांगते, ते रस्त्याच्या आडव्या पृष्ठभागावर. उभ्या माणसावर किती प्रकाश पडतो, हे त्या आकड्यातून कळत नाही. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा आपोआप लागतो, त्यामुळे दुचाकी दिसते; पादचाऱ्याला ती सोय नाही.

झेब्रा क्रॉसिंगवर उपाय साधा आहे. खांब पट्ट्यांच्या माथ्यावर न उभारता, वाहन येते त्या बाजूला थोडा अलीकडे उभारावा. मग पथदिवा आणि हेडलाइट दोन्ही पादचाऱ्याला एकाच बाजूने उजळतात.