आकाशवाणीची धून आणि प्रागहून आलेला संगीतकार #थ्रेड

पहाटे तंबोऱ्याच्या झंकारावर उमटणारी व्हायोलिनची ती लहानशी धून महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी ऐकली. शहरांतल्या चाळींपासून बुलढाणा जिल्ह्यातील हिवरा आश्रमासारख्या गावांपर्यंत रेडिओ जागा होई तो याच सुरांनी. तिच्या जनकत्वाविषयी आजही मतभेद आहेत. तरी जे नाव वारंवार पुढे येते ते वॉल्टर काउफमन या ज्यू संगीतकाराचे.

काउफमन यांचा जन्म १९०७ साली कार्ल्सबाड येथे झाला. आजचे हे कार्लोव्ही व्हारी तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते आणि १९१८ नंतर चेकोस्लोव्हाकियात आले. घरची भाषा जर्मन, धर्म ज्यू, नागरिकत्व चेकोस्लोव्हाक. अशा माणसाचे संगीत 'चेक' म्हणावे काय, हा वाद नकाशे बदलणाऱ्यांनीच निर्माण केला आहे.

बर्लिनमध्ये शिकून ते प्रागच्या जर्मन विद्यापीठात आले. माहलरवरील प्रबंध पूर्ण झाला. पण मार्गदर्शक गुस्ताव्ह बेकिंग हे स्थानिक नाझी युवक संघटनेचे पुढारी आहेत हे कळताच त्यांनी पदवी नाकारली. १९३४ मध्ये ते मुंबईत उतरले. भारताचा व्हिसा सहज मिळत होता, हे त्यामागचे अगदी साधे कारण.

भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकल्या तेव्हा त्यांना काहीच उमगले नाही. ज्या संगीतावर इतकी माणसे जीव टाकतात ते निरर्थक असणे शक्य नाही, तेव्हा उणीव आपल्याच कानांत असावी, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्या काळच्या युरोपीय माणसाकडून हा विनय दुर्मीळच!

मुंबईत त्यांनी 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' स्थापन केली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी मैफल होई. पियानोवर स्वतः काउफमन, चेलोवर इटालियन एडिजिओ व्हेर्गा आणि व्हायोलिनवर मुंबईचे पारशी वादक मेहली मेहता, म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या झुबिन मेहतांचे वडील. १९३७ पासून काउफमन आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. धूनमधील व्हायोलिन मेहलींचे असल्याचे सांगितले जाते, आणि तिचा उगम काउफमन यांच्या व्हायोलिन-पियानोच्या एखाद्या रचनेत असावा असाही एक तर्क आहे. तर्क मोहक आहे. पण त्याला निर्णायक पुरावा म्हणता येत नाही.

येथे द्वोर्झाक आठवतो. १८९३ साली न्यूयॉर्कमध्ये या चेक संगीतकाराने आपल्या मुलांसाठी व्हायोलिन आणि पियानोची 'सोनातिना' लिहिली. परक्या भूमीचे सूर त्याच्या बोहेमियन वळणात मिसळत होते, आणि कृष्णवर्णीय व मूलनिवासी लोकांच्या गीतांत तुमचे संगीत शोधा, असे तो अमेरिकनांना सांगत होता. चार दशकांनी काउफमन मुंबईत रागांकडे वळले. फरक एवढाच, की द्वोर्झाकला परतण्यासाठी घर होते.

१९३८ च्या म्युनिक करारानंतर कार्ल्सबाड हिटलरच्या ताब्यात गेले. पुढील मार्चमध्ये प्रागही. काउफमन यांच्या पत्नी गेर्टी या फ्रान्झ काफ्काच्या भाची. गेर्टींच्या आई एली यांना १९४१ साली पोलंडमधील लॉड्झच्या ज्यू वस्तीत पाठवण्यात आले आणि त्या नाझींच्या संहारात बळी पडल्या. याच वर्षांत काउफमन मुंबईत संगीत लिहीत होते, 'अनसूया' हा रेडिओ-ऑपेराही त्यांपैकीच.

१९४६ मध्ये त्यांनी भारत सोडला. इंग्लंड, कॅनडा आणि अखेर १९५७ पासून अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठ. तेथूनच १९६८ साली उत्तर भारतीय रागांवरील त्यांचा जाडजूड ग्रंथ आला. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या स्वतःच्या रचना बहुतांशी कपाटांतच राहिल्या. २०२० साली टोरंटोच्या एआरसी एन्सेम्बलने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. त्यात व्हायोलिन आणि पियानोसाठीची बारावी सोनातिना आहे. आकाशवाणीची धून कानात ठेवून ती अवश्य ऐका.