डब्ल्यूएमबसमीटर्स

डब्ल्यूएमबसमीटर्स हे पाणी, उष्णता, वायू व वीज यांच्या मीटरांनी बिनतारी लहरींद्वारे पाठवलेल्या नोंदी वाचणारे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. ते प्रामुख्याने लिनक्सवर चालते. युरोपातील असे अनेक मीटर 'बिनतारी एम-बस' मानकानुसार (ईएन १३७५७-४), साधारणतः ८६८ मेगाहर्ट्‌झ वारंवारितेवर, ठरावीक अंतराने संदेश प्रसारित करतात.

मांडणी

संदेश मिळवण्यासाठी संगणकाला यूएसबी रेडिओ रिसीव्हर जोडतात. त्यानंतर प्रत्येक मीटरचे नाव, प्रकार, आठ अंकी क्रमांक आणि किल्ली सॉफ्टवेअरमध्ये नोंदवावी लागते. वाचलेली नोंद जेसन स्वरूपात मिळते.

कूटबद्धीकरण

पाण्याच्या वापरावरून घरात कोणी आहे की नाही, हे ताडता येते. म्हणून संदेश बहुधा एईएस-१२८ पद्धतीने कूटबद्ध केलेले असतात. त्याची १२८ बिटांची किल्ली ३२ षोडशमान अंकांत लिहिली जाते. ती सहसा पुरवठादाराकडे असते व ग्राहकाला त्याच्याकडून मागून घ्यावी लागते.

मर्यादा

रिसीव्हरला शेजारच्या मीटरांचे संदेशही मिळतात. मात्र किल्लीवाचून त्यांतील कूटबद्ध आकडे उलगडत नाहीत. हे सॉफ्टवेअर कूट फोडत नाही. त्यामुळे किल्ली न मिळाल्यास ग्राहकाला स्वतःच्या मीटरची कूटबद्ध नोंदही या मार्गाने वाचता येत नाही.