जिबरेलिन

वनस्पतींची उंची, बियांचे अंकुरण आणि फळांची वाढ यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संप्रेरकांचा गट. त्याचा शोध एका रोगामुळे लागला. ‘बाकानाए’ रोग झालेली भाताची रोपे शेजारच्या रोपांपेक्षा उंच, पण फिकट आणि लुकडी वाढत व अखेर कोलमडत. रोगकारक कवकाने स्रवलेल्या द्रव्यामुळे हे घडते, असे एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये तैवानात दाखवले. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी या द्रव्याला ‘जिबरेलिन’ हे नाव दिले. निरोगी वनस्पतीही ते स्वतः तयार करतात, हे मागाहून कळले.

जवाचा दाणा भिजला की त्यातील भ्रूण जिबरेलिन सोडतो. ते दाण्याच्या कडेच्या ॲल्युरोन थरात पोहोचते, तेथे अमायलेज हे विकर तयार होते आणि साठ्यातील स्टार्चची साखर होऊन कोंब पोसला जातो. माल्ट बनवण्याचा सगळा धंदा याच क्रियेवर चालतो. खोडात ‘डेला’ प्रथिने वाढ रोखून धरतात. जिबरेलिन त्यांचा नाश घडवते आणि पेरी लांबतात. हरितक्रांतीतील बुटक्या गव्हात ही प्रथिने नष्ट होत नाहीत, तर आयआर-८ या बुटक्या भातवाणात जिबरेलिनच कमी बनते. उत्पादन वाढण्यात अशा खुजेपणाचा मोठा वाटा होता.

बिनबियांच्या द्राक्षांत बियांकडून मिळणारे जिबरेलिन तुटपुंजे असते. म्हणून नाशिक-सांगलीचे बागायतदार घड ‘जीए’च्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात बुडवतात. फुलोऱ्यात दिल्यास घड विरळ होतो. मणी धरल्यावर दिल्यास मणी फुगतो.