व्हिडिओ गेमचे संगीत आणि विरामाचा प्रश्न (१९७८–२०१०)

पाश्चात्त्य संगीताच्या विद्यार्थ्याला प्राथमिक परिचयानंतर जे शास्त्र शिकविले जाते, त्याचा गाभा दोन विषयांचा असतो : स्वरसंवाद म्हणजे हार्मनी, आणि काउंटरपॉइंट म्हणजे दोन वा अधिक स्वतंत्र स्वरावलींची एकत्र गुंफण. ह्या शास्त्रातील बहुतेक नियमांच्या मुळाशी एक गृहीत आहे. ते इतके स्वाभाविक वाटते की त्याचा स्पष्ट उच्चार सहसा केला जात नाही. रचनेचा काळ रचनाकाराच्या स्वाधीन असतो, हे ते गृहीत होय. स्वरांचा ताण केव्हा निर्माण करावयाचा, किती वेळ टिकवावयाचा आणि कॅडेन्सने, म्हणजे विरामाने, तो केव्हा सोडवावयाचा, हे संगीत वाजण्यापूर्वीच ठरलेले असते. व्हिडिओ गेममध्ये मात्र हा अधिकार रचनाकाराकडे राहत नाही. खेळणारा एखाद्या दृश्यात दहा सेकंद राहील की दहा मिनिटे, हे संगीत लिहिणाऱ्याला ठाऊक नसते.

ह्या संगीताच्या प्रारंभीच्या शैलीचे स्पष्टीकरण बहुधा यंत्राच्या दारिद्र्यावरून दिले जाते : ध्वनिमार्ग थोडे, स्मृती अपुरी, म्हणून संगीत तसे झाले. ह्यात तथ्य आहे. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. यंत्र संपन्न झाल्यावरही मूळ अडचण कायम राहिली, किंबहुना काही बाबतींत ती वाढली. म्हणून ह्या संगीताचा इतिहास यंत्राच्या प्रगतीपेक्षा विरामाच्या प्रश्नाभोवती मांडणे अधिक युक्त ठरते.

१

१९७८ साली जपानमधील तैतो ह्या कंपनीने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ बाजारात आणला. त्याचे कर्ते तोमोहिरो निशिकादो. ह्या खेळात चार उतरते मंद्र स्वर अखंड वाजत राहतात. चौथा स्वर संपताच पहिला पुन्हा येतो. मध्ये विरामाला जागाच नाही. पडद्यावरील शत्रूंची संख्या जसजशी घटते, तसतसे उरलेले शत्रू अधिक वेगाने चालू लागतात आणि त्याबरोबर ह्या स्वरांची लयही चढते.

हार्मनीच्या दृष्टीने ह्या चार स्वरांत फारसे काही नाही. तथापि पुढील सर्व इतिहासाची दोन बीजे येथे आढळतात. एक, पुनरावृत्ती हाच रचनेचा आकार. दोन, लयीवर खेळणाऱ्याच्या कृतीचा ताबा. भारतीय वाचकाला तालाच्या आवर्तनाची आठवण येथे होणे साहजिक आहे; पण साम्य अर्धेच आहे. आवर्तन पुन्हा पुन्हा फिरत असले तरी बैठक कोठे आटोपती घ्यावयाची हे गायक ठरवितो, आणि समेवर येण्याची तयारी तो आधीपासून करतो. येथे वाजविणारे यंत्र अज्ञ असते आणि ठरविणारा खेळणारा संगीताचा विचार करीत नसतो.

२

१९८३ च्या जुलैमध्ये निन्टेन्डो कंपनीचे ‘फॅमिकॉम’ हे घरगुती यंत्र जपानमध्ये विक्रीस आले. त्यात पाच ध्वनिमार्ग होते : चौकोनी लहरींचे दोन, त्रिकोणी लहरीचा एक, खरखरीचा एक आणि ध्वनीचे लहान नमुने वाजविणारा एक. त्रिकोणी लहरीचा जोर कमीअधिक करता येत नसे. तिच्याकडे बहुधा मंद्र स्वरांचे काम सोपविले जाई. खरखरीतून तालवाद्यांचा आभास निर्माण करीत. उडी मारण्याचा किंवा नाणे मिळाल्याचा आवाज उमटला की एखाद्या मार्गावरील संगीत क्षणभर बाजूला सारले जाई. म्हणजे तीन स्वरांचा संघात मांडावयाचा तर तिन्ही स्वरमार्ग त्यातच खर्ची पडत, आणि त्यांतलाही एखादा केव्हा हिरावला जाईल ह्याचा नेम नसे.

१९८५ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे संगीत कोजी कोन्दो ह्यांनी ह्याच यंत्रासाठी लिहिले. संपूर्ण खेळ ४० किलोबाइटांत बसविलेला होता. त्यातील मुख्य धून जगभर पोहोचली असली, तरी तिच्या बांधणीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. समजुतीसाठी ‘सी’ हा षड्ज मानू. धून षड्जाच्या संघातावर सुरू होत नाही. ती ऋषभाच्या संघातावर उघडते, त्यात तीव्र मध्यम असतो, आणि तेथून ती पंचमाकडे झेपावते. पाश्चात्त्य परिभाषेत ही ‘डॉमिनंटची डॉमिनंट’ होय. पंचमाचा संघात षड्जाची अपेक्षा निर्माण करतो. येथे त्या अपेक्षेचीही पूर्वअपेक्षा निर्माण केली आहे. श्रोत्याला घरी पोहोचविण्याऐवजी घराबाहेर उभे करून धून सुरू होते. हीच आकृती पुढे रचनेच्या आतही येते आणि श्रोत्याला पहिल्या भागाच्या दाराशी परत आणते. जो सांधा एरवी रुक्ष पुनरावृत्ती वाटला असता, तोच येथे ओढ निर्माण करतो.

मग खरा विराम कोठे? तो टप्पा पूर्ण झाल्यावर वाजणाऱ्या छोट्या धुनेत राखून ठेवला आहे. तेथे षड्जाच्या संघातानंतर कोमल धैवत, षड्ज, कोमल गंधार हा संघात येतो. त्यानंतर कोमल निषाद, ऋषभ, मध्यम हा येतो. आणि अखेर षड्जाचा शुद्ध संघात लागतो. मेजर स्वरसप्तकात मायनरचे संघात उसने घेण्याची ही रीत स्वरसंवादाच्या मध्यम पायरीवर शिकविली जाते. नेहमीच्या पंचम-षड्ज विरामाऐवजी कोमल स्वरांच्या दोन पायऱ्या चढून षड्जावर आल्याने त्या क्षणाला विजयाचा उजाळा मिळतो. वाटचालीच्या धुनेत न संपणे आणि यशाच्या धुनेत ठामपणे संपणे, ही वाटणी यंत्राने लादलेली नव्हती. तो रचनाकाराचा निर्णय होता.

३

१९८६ च्या मे महिन्यात ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा खेळ त्याच यंत्रावर आला. त्याचे संगीतकार कोइची सुगियामा (१९३१–२०२१) हे दूरचित्रवाणी, जाहिराती आणि लोकप्रिय गीते ह्या क्षेत्रांत आधीच प्रतिष्ठित होते. राजवाड्याच्या दृश्यासाठी त्यांनी बरोक काळातील वळणाची रचना योजिली. ही निवड दृश्याला शोभणारी तर होतीच, शिवाय ती शास्त्रदृष्ट्याही अचूक होती. ज्याला भरगच्च संघात परवडत नाहीत, त्याने दोन स्वरावली अशा चालवाव्यात की त्यांच्यामधून अनुच्चारित स्वर ऐकू यावेत. बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या रचनांत, ज्यांचे हस्तलिखित १७२० चे आहे, एकच स्वरावली उंच-सखल झेपा घेत अनेक आवाजांचा भास निर्माण करते. चार तारांच्या वाद्यासाठी सापडलेला उपाय अडीचशे वर्षांनी एका चिपला उपयोगी पडला.

युरोपात लोकप्रिय झालेल्या ‘कमोडोर ६४’ (१९८२) ह्या संगणकावर तीनच ध्वनिमार्ग होते. तेथील रचनाकारांनी संघाताचे स्वर एकापाठोपाठ इतक्या वेगाने वाजविले की कानाला ते एकजीव भासावेत. हा आर्पेजिओचाच टोकाला नेलेला प्रकार होय. दोन्ही ठिकाणी यंत्राची मर्यादा खरी होती. परंतु मर्यादा प्रश्न विचारते, उत्तर देत नाही. उत्तर जुन्या शास्त्रातून आले.

४

तरीही ह्या सर्व उपायांनी अर्धाच प्रश्न सुटला. धून कितीही वेळ फिरत ठेवता येऊ लागली. पण खेळणारा एका दृश्यातून दुसऱ्यात गेला की पहिली धून वाक्याच्या मध्येच तुटे. अमेरिकेतील लुकासआर्ट्स कंपनीत मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल ह्यांनी ह्यावर ‘आयम्यूज’ नावाची पद्धती रचली. १९९१ च्या ‘मंकी आयलंड २’मध्ये ती प्रथम दिसली आणि १९९४ साली तिला पेटंट मिळाले. तीत संगीतलेखनातच ठरावीक ठिकाणी निर्णयाच्या खुणा ठेवलेल्या असत. खूण आली की यंत्र खेळाची स्थिती पाही आणि पुढे जावयाचे, दुसऱ्या धुनेत उडी घ्यावयाची, की एखादे वाद्य वाढवावयाचे वा काढावयाचे, हे ठरवी. त्या खेळातील वुडटिक गावात खेळणारा एका जागेतून दुसऱ्या जागेत शिरतो, तेव्हा मूळ धून न तुटता नव्या रूपात मिसळते.

ह्याचा पूर्वज अठराव्या शतकात सापडतो. योहान फिलिप किर्नबर्गर ह्यांनी १७५७ साली फासे टाकून नृत्यसंगीत जुळविण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. कोणताही फासा पडला तरी रचना बिघडू नये ह्याचे रहस्य एकच : एका स्थानाच्या सर्व पर्यायी मात्रागटांचे स्वरसंवादातील कार्य समान असते. आयम्यूजच्या खुणाही अशा ठिकाणी ठेवाव्या लागत, जेथून निघणारी प्रत्येक वाट शास्त्राला मान्य असेल. रचनाकाराला आता एका विरामाऐवजी संभाव्य विरामांचा संच लिहावा लागला.

५

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून ध्वनिमुद्रित संगीत खेळांत सर्रास वापरता येऊ लागले. येथे एक विरोधाभास दिसतो. नाद समृद्ध झाला. लवचीकता मात्र घटली. यंत्र स्वतः स्वर वाजवीत होते तोवर वाद्य, पट्टी वा लय तत्क्षणी बदलणे सोपे होते. मुद्रित वाद्यवृंदाचे तसे नव्हते. त्यावरचा एक उपाय म्हणजे संगीत थरांत मुद्रित करून प्रसंगानुसार ते कमीअधिक करणे. २०१० च्या ‘रेड डेड रिडेम्शन’साठी बिल एल्म आणि वुडी जॅक्सन ह्यांनी संगीत ए-मायनर ह्या एकाच स्वरपट्टीत आणि मिनिटाला १३० मात्रा ह्या एकाच लयीत बांधले. त्यामुळे कोणताही थर कोणत्याही थरावर बसू शकला.

मात्र ह्याची किंमतही नोंदविली पाहिजे. आधारस्वर बदलून दूर जाणे आणि पुष्कळ अंतर तोडून परतणे, ह्यावर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील दीर्घ रचनांचे स्थापत्य उभे आहे. सर्व थर एकाच पट्टीत बांधले की तो दूरचा प्रवास सोडून द्यावा लागतो. कोन्दो ह्यांना मिनिट-दीड मिनिटाच्या धुनेत संघातांची जी मोकळीक घेता आली, ती थरांच्या पद्धतीत सहज मिळत नाही. प्रत्येक उपायाने काही मिळविले आणि काही गमावले. त्यामुळे ह्या इतिहासाला सरळ प्रगतीची रेषा म्हणता येत नाही.

२०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या धुनेचा समावेश केला, व्हिडिओ गेमच्या संगीताला तेथे मिळालेले हे पहिले स्थान. हा गौरव लोकप्रियतेचा मानला जाईल, आणि तसा तो आहेही. परंतु संगीतशास्त्राच्या अभ्यासकाला तीत आणखी एक गोष्ट दिसावी. काळ हातचा गेल्यावर शास्त्र निरुपयोगी होत नाही. त्याचे कोणते नियम काळावर अवलंबून होते आणि कोणते नव्हते, एवढेच स्पष्ट होते. स्वरांचे परस्परांशी असलेले नाते टिकले. त्या नात्याची पूर्तता केव्हा करावयाची हा अधिकार तेवढा रचनाकाराच्या हातून गेला, आणि तो गेल्यानंतरही श्रोत्याला पोरके वाटू न देणे हे त्याचे नवे कर्तव्य ठरले.